लाभ, दोन, तीन

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., तेही गणित घेऊन. हे मी आजही ताठ मानेनं सांगते. पण लग्न होऊन दारव्ह्याजवळच्या खेड्यात आले आणि डिग्री कपाटात गेली. नवऱ्याचा शब्द होता, "पोरगी दारव्ह्याच्या शाळेत लागली की तिच्यासंगं तूही जा. तिथं बी.एड. कर." म्हणजे माझं घराबाहेर पडणं चार वर्षांच्या पोरीच्या हातात.

गणित पाटीवर सुरू होत नाही, एवढं मला कळत होतं. मी तिला खेळू दिलं. कणकेचे गोळे लहान-मोठे लावायचे, दोरीवरच्या मोज्यांच्या जोड्या जमवायच्या. सासूबाई तूर मोजायला बसल्या की ही शेजारी वाटी घेऊन बसायची. धान्य मोजताना पहिल्या मापाला आमच्याकडे 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. घरात बरकत राहावी म्हणून. पोरही तसंच म्हणायची. सासूबाई खूश.

"मास्तरीणबाई, तुया पोरीले मोजणं म्या शिकवलं. लिहून ठेव!"

मी हसले. दुरुस्त करावं असं मनातही आलं नाही. लहानपणी मीही तसंच मोजायची.

प्रवेशासाठी तिला दारव्ह्याच्या शाळेत नेलं, तेव्हा मॅडमनी टेबलावर लाकडी ठोकळे मांडून तिला मोजायला सांगितलं. पोरीनं एकेक आपल्याकडे ओढला.

"लाभ, दोन, तीन, चार..." सातपर्यंत, एकही न सोडता.

"एक कुठंय, बेटा?"

तिनं पहिला ठोकळा उचलून दाखवला. "हा काय."

"याला काय म्हणतात?"

"लाभ."

बाजूला बसलेले सर हसले. "दुकान टाकते वाटते पोरगी!"

मी म्हटलं, "मॅडम, यातले दोन काढून विचारा, किती उरले. सांगते ती."

"ताई, घरी नीट तयारी करून घ्या. पुढच्या वर्षी बघू."

मी गणितात बी.एस्सी. आहे, हे अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. ते ऐकून सर आणखीच हसले असते.

परतताना जीपमध्ये ती मांडीवर बसली होती.

"आई, माह्यं चुकलं का?"

"नाही."

"मंग त्या काहून नाही म्हणल्या?"

मी तिच्या रिबिनी सारख्या करत राहिले.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शाळेचाच उद्धार केला. तेवढंच बरं वाटलं. नवरा चपला काढत अगदी मायेनं म्हणाला, "जाऊ दे वं. तुले तर सारं येते. अजून एक साल घरीच शिकव तिले."

"अन् माह्यं बी.एड.?"

"पोरगी लागली की. म्हणलं ना तुले."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. असती तर भांडले असते. मी चहा ठेवायला उठले.