डाव्या बाजूची पट्टी

हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलेलं नाही. प्रसादला माझं सगळं माहीत असतं, पगार, पासवर्ड, कुणावर रागावले आहे ते — हे एवढं सोडून. आईला एकदा फोनवर सांगायला निघाले होते. तिने विचारलं, जेवलीस का? आणि मी जेवणाचंच बोलत बसले. शुद्धीत ऐकून घेईल अशा एकाही माणसाला मी हे आजवर सांगितलेलं नाही. तू मला ओळखत नाहीस, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. पण बघ, चार ओळी झाल्या आणि मी अजून दारातच उभी आहे.

आम्ही स्कोफिल्ड्सला राहतो. मी पॅरामॅटाला एका ऑफिसात बसगाड्यांच्या देखभालीचं वेळापत्रक बघते. त्याआधी, इथे आल्या आल्या, दीड वर्ष मला काम नव्हतं. चिंचवडच्या कारखान्यात सात वर्षं मेंटेनन्सला होते, पट्टे, बेअरिंग, मोटारी, सगळं हातांनी केलेलं. पण इथे जो तो विचारायचा, लोकल एक्सपिरियन्स आहे का? शेवटी एक काम मिळालं, तेही एका हिवाळ्यापुरतं. स्नोई माउंटन्समधल्या एका स्की रिसॉर्टचं वर्कशॉप. बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करायच्या. प्रसाद म्हणाला, जा, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे.

वर्कशॉपचा प्रमुख रॉन. साठी ओलांडलेला, विधुर, कमी बोलणारा. आठवडाभर त्याने मला नुसतं बघू दिलं. मग स्नोमोबिल स्टँडवर चढवली आणि म्हणाला, ये, खाली वाक.

स्नोमोबिलला पुढे दोन स्की असतात आणि मागे चाकाऐवजी रुंद रबरी पट्टा. तो पट्टा दोन रुळांखालून फिरतो. प्रत्येक रुळाच्या तळाला प्लास्टिकची एक लांब पट्टी असते, तिला स्लायडर म्हणतात. गाडीचा भार त्या पट्टीवरून घसरतो, आणि तरी तिला ना तेल ना ग्रीस. आत उडालेला बर्फ वितळतो, तेच तिचं वंगण. रॉन म्हणायचा, "स्लायडरला तहान लागते. पाजलं नाहीस तर ती जळते."

म्हणून मऊ बर्फ नसेल, काचेसारखा कडक झाला असेल, तर रुळाला लावलेल्या स्प्रिंगच्या दोन काड्या खाली सोडायच्या. त्या बर्फ खरवडून आत उडवतात. मधूनमधून वाट सोडून गाडी बाजूच्या भुसभुशीत बर्फात घालायची. रबरी पट्टा फार आवळायचा नाही. मी कारखान्याच्या सवयीने आवळला होता, रॉनने तो सैल केला. आणि रोज सकाळी हातमोजा काढून बोट फिरवायचं. पट्टीवर एक रेघ असते, तिथवर झिजली की बदलायची. दोन्ही बाजूंच्या एकदम.

मला तो आवडायचा. हे सांगणं भाग आहे, कारण पुढचं मी एखाद्या वाईट माणसाच्या बाबतीत केलेलं नाही. एकदा डबा खाताना त्याने मला त्याच्या आईबद्दल सांगितलं. शेवटची सहा वर्षं ती कुणाला ओळखत नव्हती. तो म्हणाला, "मरायला मी घाबरत नाही. पण तसं नको." मी त्याला थोडी पोळीभाजी दिली. त्याने ती सावकाश खाल्ली.

सप्टेंबर उजाडला, इकडचा हिवाळा तेव्हा सरतो, बर्फ उतरायला लागला. दुपारी पाणी व्हायचं आणि पहाटे त्याचीच काच. चार नंबरच्या गाडीचे स्लायडर रेघेच्या खाली गेले होते, जुने, निळ्या रंगाचे. रॉनने मला नवी काळी जोडी दिली आणि तो वरच्या लिफ्टच्या मोटारीकडे गेला. उजवी पट्टी मी अर्ध्या तासात बदलली. डावीचा पुढचा स्क्रू मात्र हलेना. चावी घसरायला लागली, स्क्रूचं डोकं गुळगुळीत झालं. गुडघ्याखाली पोतं घेऊन मी किती वेळ तिथे बसले होते, कुणास ठाऊक. पावणेपाचला शेवटची स्टाफ बस होती.

रॉनला हाक मारता आली असती. रेडिओ खिशातच होता. का नाही मारली? सगळ्या वर्कशॉपमध्ये मी एकटी बाई, एकटी भारतीय, आणि सात वर्षांचा अनुभव सांगून आलेली — एक स्क्रू निघत नाही, हे कसं सांगायचं? ठरवलं, सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ड्रिलने काढू. गाडी खाली उतरवली. प्रत्येक गाडीचं दुरुस्तीचं कार्ड असायचं, त्यावर डावा आणि उजवा असे दोन चौकोन होते. मी दोन्हींत बरोबरची खूण केली.

आणि बसमध्ये जाऊन बसले.

सकाळी रस्त्यावर बर्फाची काच होती. चाकांना साखळ्या बांधण्यात बसला दीड तास उशीर झाला. वर पोचले तेव्हा चार नंबर जागेवर नव्हती. पलीकडच्या दरीत कुणी स्कीवाला जखमी झाल्याचा निरोप आला होता, आणि बचावपथकातली केट ती गाडी घेऊन गेली होती. कार्डावर दोन्ही खुणा बघून घाईत रॉननेच सही केली होती. जखमी माणूस दुसऱ्या वाटेने आपला आपण खाली आला. केट आली नाही.

त्या दरीत रेडिओ लागत नाही. दहाच्या सुमाराला धुकं उतरलं. रॉन एका गाडीवर, मी त्याच्या मागे. इंजिन बंद करून तो दर थोड्या अंतरावर ऐकायचा. तसली शांतता मी पुन्हा कधी ऐकलेली नाही. बर्फ आवाज पिऊन टाकतो, आपला श्वाससुद्धा आपलाच वाटत नाही. झाडं दिसत नव्हती, आणि मग एकदम हाताच्या अंतरावर एखादं उभं असायचं, पांढरं, उघड्या सालीचं. वाटेवरच्या बर्फात मला निळ्या प्लास्टिकची कात्रणं दिसली. आधी एखादं. मग बरीच. रॉनचं लक्ष पुढे होतं. मी त्याला दाखवली नाहीत.

गाडी दिसण्याआधी तिचा वास आला. जळलेल्या प्लास्टिकचा, धुक्यात एका जागी थांबून राहिलेला. डावी पट्टी पूर्ण संपून रबरी पट्ट्यातल्या लोखंडी क्लिपा रुळात अडकल्या होत्या, पट्टा जाम झाला होता आणि गाडीने केटला फेकून दिलं होतं. ती दहा पावलांवर झाडाला टेकून बसली होती. मांडीचं हाड मोडलं होतं. ओठ निळे. रॉनने स्वतःचं जॅकेट काढून तिला गुंडाळलं. ती माझ्याकडे बघत होती.

"मघाशी आलीस तेव्हा थांबली का नाहीस?" तिने विचारलं.

रॉन म्हणाला, "आम्ही आत्ताच येतोय, केट."

"ही आली होती," ती म्हणाली. "इथे उभी होती. किती वेळ. काही बोललीच नाही."

थंडीत माणसाला भास होतात, हे मला माहीत आहे. डॉक्टरही तेच म्हणाले. केट वाचली. पाय थोडा आखूड राहिला, ते काम सुटलं.

पण मी तुला केटबद्दल सांगायला बसले नव्हते. म्हणजे, तेही आहेच. खरी गोष्ट त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

रॉनने गाडी उलटी करून बघितली. उजवीकडे नवी काळी पट्टी. डावीकडे रुळाला चिकटलेला निळा थर. चहाच्या खोलीत तो माझ्यासमोर बसला. रागावलेला नव्हता. कार्डावर खुणा कुणाच्या ते लिहिलेलं नव्हतं आणि सही त्याची होती; त्याने खरंच विचारलं, कारण त्याला माहीत नव्हतं.

"डावी बाजू कुणी केली? तू की मी?"

मला तेव्हा काय काय दिसलं, सांगू? व्हिसा दिसला. प्रसादचा चेहरा दिसला. आणि रॉनची आई दिसली, जिला मी कधी पाहिलं नव्हतं. मला नेमकं ठाऊक होतं कुठे हात घालायचा.

मी म्हणाले, "तू केलीस, रॉन. मला म्हणालास, बसला जा, डावी मी बघतो. आठवत नाही का तुला?"

आठवत नाही का तुला — हे शेवटचं वाक्य गरजेचं नव्हतं. ते मी वरून घातलं.

त्याने समोरचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "ओके." खूप हळू. "ओके, मेट."

तीन दिवसांनी तो माझ्याजवळ आला. चेहऱ्यावर सुटका होती. "आठवलं," म्हणाला. "तू गेल्यावर मी बसलो होतो. स्क्रूचं डोकं गेलं होतं, चावी घसरत होती. वाटलं, उद्या करू. आणि खूण करून टाकली." स्क्रू त्याने नंतर बघितला असेल, एवढं मी समजू शकते. पण पुढे तो म्हणाला, "थंडी होती ना, म्हणून गुडघ्याखाली पोतं घेतलं होतं."

पोतं मी घेतलं होतं. आणि निघताना जागेवर घडी करून ठेवलं होतं. त्याला ते कुठून कळलं? आज नऊ वर्षं झाली, मला उत्तर मिळालेलं नाही. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्याच्या खाली — खोटं बोलणार नाही — हायसं वाटलं.

चौकशीत त्याने हेच सांगितलं. मोसम संपल्यावर काम सोडलं. मग गाडी चालवणं सोडलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. पॅरामॅटाच्या नोकरीसाठी मी त्याचंच नाव दिलं होतं, आणि त्याने फोनवर माझं इतकं कौतुक केलं की मुलाखत घेणाऱ्या बाईने मला तसं बोलून दाखवलं. डॉक्टरांच्या तपासण्यांत तेव्हा काही निघालं नाही. पुढे चार-पाच वर्षांनी निघालं, त्याच्या आईचाच आजार. ते आधीपासूनच असेल, असं त्याची मुलगी म्हणते. असेल. पण त्या सप्टेंबरात तो धडधाकट होता आणि त्याला हे पटवणारी मी होते की तो धडधाकट नाही.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीने मेसेज केला, भेटायचं असेल तर आता ये. तो समुद्राकाठच्या एका गावात, वृद्धांच्या होममध्ये असतो. पाच तास गाडी चालवून गेले. त्याने मला ओळखलं नाही. मुलीलाही ओळखत नव्हता. पण खुर्चीत सावरून बसला आणि सांगायला लागला — एक संध्याकाळ होती, एक गाडी होती, पुण्याची एक पोरगी होती, दमली होती बिचारी, तिला मी बसला पाठवलं. स्क्रू, पोतं, खूण. एक शब्द चुकला नाही. "हे एवढंच राहिलंय," मुलगी हळूच म्हणाली आणि चहा आणायला बाहेर गेली.

ती जाईपर्यंत मी थांबले, हेही लक्षात ठेव.

मग त्याचा हात धरून म्हणाले, "रॉन, तू तिथे नव्हतास. ते मी केलं. मी खोटं बोलले."

त्याने माझ्याकडे बघितलं. डोळे स्वच्छ होते. मग माझ्या हातावर थोपटलं, जसं लहान मुलाला थोपटतात.

"नाही गं," तो म्हणाला. "मी होतो तिथे."

मुलगी कप घेऊन आत आली. तो तिला म्हणाला, "हिचा जरा गोंधळ उडालाय. सांभाळून घे हिला."

तिने ओशाळून माझ्याकडे बघितलं, म्हणाली, सॉरी हं. मी म्हणाले, नो वरीज. आणि चहा घेतला.