आहेराच्या खणात सुकट

आमच्या शाळेच्या गावात प्लास्टिकबंदी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिला कुणी बसायला पाट दिला नव्हता. दुकानदार कॅरीबॅगा साखरेच्या पोत्याखाली ठेवत आणि गिऱ्हाइकाने नुसतं खाली बघितलं की काढून देत. बंदीचा एवढाच परिणाम झाला, की कॅरीबॅग मिळाली म्हणजे माणसाला आपली गावात ओळख असल्यासारखं वाटायचं.

मी त्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते. राहायला उमरीत, रोज स्कूटीवरून जाऊन-येऊन असते. मला याद्या करायची सवय आहे. घरचे त्यावर हसतात, शाळेतले वापर करून घेतात. त्यामुळे सातवीच्या पोरांनी गावातून कॅरीबॅगा हद्दपार करायचं ठरवलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी पर्समधून पेन काढलं.

पृथ्वी वगैरे वाचवायची पोरांना फार घाई नव्हती. त्यांना कबड्डीचं मैदान वाचवायचं होतं. शाळेमागची नाली तुंबली आणि सगळं पाणी मैदानात आलं. पोरांनी फावड्याने नाली उपसली तर आतून कॅरीबॅगांचा असा एकजीव गोळा निघाला की तो ओढायला कबड्डीचा अख्खा संघ लागला. त्या दिवसापासून सातवीचं आणि कॅरीबॅगचं उघड वैर सुरू झालं.

आधी आम्ही प्रभातफेरी काढली. लोकांनी दारात उभं राहून कौतुक केलं. एका आजींनी पोरांना गोळ्या वाटल्या, त्याही कॅरीबॅगमधून. किराणावाला म्हणाला, "पोरांनो, पिशवी नको म्हणता, मग लोकांनी साखर काय पदरात न्यायची?"

सवाल बरोबर होता. पिशव्या द्यायच्या तर कापड पाहिजे. मी यादी काढली: जुनी पांघरुणं, फाटके शर्ट, पडदे. सगळ्यावर काट मारावी लागली, कारण आमच्याकडं फाटका शर्ट फाटका मानत नाहीत, तो शेतात घालतात. त्याच्यानंतर त्याची गोधडी होते. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, आमच्या दिवाणात लई कापड हाय. नवं कोरं. कुणीच घालत न्हाई."

"नवं का घालत नाहीत?"

"आहेराचं हाय ना."

सगळा वर्ग हसला, कारण प्रत्येकाच्या दिवाणात तेच होतं.

आमच्या भागात लग्नाला गेलं की माणसाला टॉवेल-टोपी आणि बाईला ब्लाउजपीस मिळतोच. टोपी डोक्यावर राहत नाही, टॉवेल पाणी टिपत नाही आणि ब्लाउजपीसचा रंग घरातल्या एकाही साडीला जात नाही. पण तो टाकायचा नसतो. त्याचा गठ्ठा बांधून ठेवायचा आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला द्यायचा. तो ज्या घरून आला त्याच घरी परत जाऊ नये म्हणून बाया कोपऱ्यात पेनाने खूण करतात. काही ब्लाउजपीसांनी माझ्यापेक्षा जास्त गावं पाहिली असतील.

पोरं गल्लोगल्ली फिरली आणि गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन आली. बायांनी एवढ्या आनंदाने आजवर शाळेला काही दिलं नव्हतं. बचत गटाच्या मशिनी होत्या, पोरांच्या आयांनी शिवायचं कबूल केलं. खुणेचा कोपरा आतल्या शिवणीत घ्यायचा, हेसुद्धा मी लिहून दिलं होतं. गुरुवारच्या बाजारात पोरांनी वेशीजवळ टेबल मांडलं आणि येईल त्याच्या हातातली कॅरीबॅग काढून कापडी पिशवी दिली. अर्ध्या तासात बाजारभर पिशव्या लोंबायला लागल्या. मी यादीत 'वाटप पूर्ण' लिहिलं.

आमच्या डोक्यात एक गोष्ट आली नाही. खूण फक्त घरच्या गडबडीत घोळ होऊ नये म्हणून असते. आपण दिलेला ब्लाउजपीस बाईला खुणेशिवाय, लांबून, गर्दीत, पाठमोऱ्या माणसाच्या हातातही ओळखू येतो.

"अगं, हा तर मी तुझ्या सुनेच्या डोहाळजेवणाला दिलेला."

"तू कसला देतीस, तुला कुणीतरी दिलेला."

"दिलेला का असंना, त्यात कांदे भरायला दिलता का?"

असं चार ठिकाणी सुरू झालं. बहुतेक बाया भांडता भांडता हसायला लागल्या, कारण जिचा आहेर समोरच्या पिशवीत होता, तिच्याही हातात कुणाचा तरी आहेर होताच. एकमेकींची चोरी एकदम उघडी पडली की फार राग धरता येत नाही. मला वाटलं, निभावलं.

पण त्या मागच्या बाकावरच्या मुलीची मामी त्या दिवशी बाजाराला आली होती. ती राहते बिलोलीच्या अलीकडच्या एका गावात. आमच्या शाळेमागच्या घरात एक आजोबा एकटे राहतात. ते सुकट घेऊन निघाले होते आणि त्यांच्या हातातली पिशवी मामीनेच नणंदेला दिलेल्या जांभळ्या खणाची होती. मामीने ती पिशवी बघितली. भांडली नाही. सरळ नणंदेच्या, म्हणजे त्या मुलीच्या आईच्या, दारात गेली. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, "अक्का, लेकीच्या लग्नात मामाची वाट बघू नका." आणि निघून गेली.

त्या घरात मोठ्या मुलीचं लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं. आमच्याकडं मंगलाष्टकाच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. मामा नसला तर लग्न लागतं, पण ते लागताना सगळा मांडव नवरीकडं न बघता तिच्या पाठीमागच्या रिकाम्या जागेकडं बघतो. आणि मामा एकच होता. नणंद-भावजयीचं बोलणं आधी काही वर्षं बंद होतं. कारण विचारलं तर एकीच्या मते बारशाचं बोलावणं उशिरा आलं, दुसरीच्या मते वेळेवर आलं पण तोंडी आलं. नुकतंच कुठं सुरू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात वहीवर नुसत्या रेघा ओढत बसली होती. मधल्या सुट्टीत तिने सगळं सांगितलं. तिची ताई रात्रीपासून जेवली नव्हती. आई मात्र ठाम होती. मी घरी गेले तर चुलीपुढून न उठता म्हणाली, "मी न्हाई जायची समजूत काढायला. खण दिला, झालं. त्यात काय जरीचं लुगडं होतं?"

मग रविवारी मी मुलीला स्कूटीवर मागं बसवलं आणि बिलोलीचा रस्ता धरला. पिशव्यांचा उपक्रम माझ्या यादीतला होता, तेव्हा हेही त्यातच आलं.

मामीने चहा ठेवला, म्हणजे दार अगदीच बंद नव्हतं. मामा ओसरीवर मोबाइलमध्ये कापसाचे भाव बघत होते, म्हणजे ऐकत होते. मी गठ्ठ्याची, पिशव्यांची, मैदानाची सगळी हकिगत क्रमवार सांगितली. मामीने ती पुरी होऊ दिली.

"गठ्ठ्यातलं असतं तर मी बी हसले असते, मॅडम. माझ्या घरी बी गठ्ठा हाय. पण ह्यो खण मी नांदेडला जाऊन घेतलता. अक्काला जांभळा लई शोभतो. दुकानदाराला अख्खं कपाट उतरवायला लावलं, तो वैतागला बिचारा. बोलणं सुरू करायचं म्हणून घेतला. अन् अक्कानं त्याची घडी बी मोडली न्हाई."

मुलगी म्हणाली, "मामी, आईनं न्हाई दिला. मी दिला. आई गोठ्यात होती. ती म्हणली, दिवाणातला गठ्ठा घेऊन जा."

"म्हंजे माझा खण गठ्ठ्यातच होता की."

ओसरीवर मामांनी मोबाइल पालथा ठेवला आणि परत सुलटा केला.

निघताना मामी दारापर्यंत आली. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "अंगावर दिसला असता तर गोष्ट वेगळी होती, मॅडम. सुकटीत दिसला."

अर्ध्या रस्त्यात मुलगी पुढं झुकली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, पिशवी उसवली तर झंपर होतंय का?"

"त्यात सुकट होती."

"धुता येतं की."

आजोबांकडून पिशवी परत मिळवणं हा एक वेगळाच कार्यक्रम झाला. ते दारातच बसले होते.

"शाळेनं मला सत्तर वर्षांत पहिल्यांदा काहीतरी दिलं, अन् ते बी परत मागून राहिले तुम्ही?"

"दुसरी देतो ना, आजोबा."

"दुसरीला चष्म्याचा खिसा पाहिजे."

"लावून देतो."

"अन् बंद लांब पाहिजेत. खांद्याला अडकवतो मी. अन् टोपीचं कापड नको, लोक हसतेत."

मी हे सगळं लिहून घेतलं. खिशाला गुंडीही लागली. नवी पिशवी हातात पडल्यावरच त्यांनी जांभळी रिकामी केली. शेवटची सुकट झटकून काढली, तीही आमच्या समोर, एकेक.

मग धुणं. पहिल्यांदा साबण, मग रिठे, मग लिंबू. सातवीतल्या प्रत्येकाच्या घरी सुकटीचा वास घालवायचा एक हमखास उपाय होता आणि त्यातला एकही लागू पडला नाही. एकाने उदबत्तीचा धूर दिला. त्यानंतर खणाला देवळाशेजारी मासळी बाजार भरल्यासारखा वास यायला लागला. तीन-चार दिवस उन्हात टाकल्यावर तो इतपत कमी झाला, की नाक जवळ नेल्याशिवाय कळत नव्हतं. बचत गटातल्या बाईंनी शिवण उसवून माप टाकलं. बंद त्याच कापडातून कापून काढलेले, त्यामुळे बाह्यांना कापड पुरेना. बंदांचेच तुकडे जोडायचे ठरले.

आता फक्त जिने घालायचं तिला सांगायचं राहिलं होतं.

मुलीची आई अंगणात हळद निवडत बसली होती. खण हातात घेतला, हुंगला आणि लांब धरला. "हे घालून मी विहिणीपुढं उभी राहू? लोक म्हणतील, नवरीच्या घरी जेवणात मासे हायत का काय."

"आई, ताईसाठी," मुलगी म्हणाली.

"ताईसाठी मी सगळं करून राहिले. ह्या वासाचं कशाला?"

मी माझी समजावणीची वाक्यं तयार ठेवली होती, ती सोडून दिली. तिला फक्त मामी जे बोलली ते सांगितलं. नांदेड, जांभळा रंग, दुकानदार, कपाट. ती हळदीकडे बघत ऐकत होती.

"अख्खं कपाट?" तिने विचारलं.

"अख्खं. दुकानदार वैतागला म्हणे."

"तिला सवयच हाय ती. माझ्या लग्नातल्या बांगड्या घेताना बी तसंच केलतं." ती उठली, आत गेली आणि मापाचं एक जुनं झंपर आणून माझ्या मांडीवर टाकलं. "बाह्या कोपरापर्यंत पाहिजेत म्हणावं."

कोपरापर्यंत काही आल्या नाहीत. मुलीने मामीला फोन करून एवढंच सांगितलं, की आई लग्नात तोच खण घालणार आहे.

तोवर गुरुवारच्या बाजारात दुसरी सोय लावून झाली होती. बाया येऊन मला सांगत, "मॅडम, आमचं कापड वरच्या गल्लीत देऊ नका," "आमचं खालच्या आळीत नको." या सगळ्यांची यादी करणं मलाही झेपेना. मग आमच्या गावच्या आहेराच्या पिशव्या शेजारच्या गावच्या शाळेला आणि त्यांच्या आम्हाला, अशी अदलाबदल केली. तिकडच्या मॅडम मला फोनवर म्हणाल्या, "तुमच्याकडची टोप्यांची कापडं लई निघाली." मी म्हटलं, तुमचीच असतील. नाली अजून महिन्यातून एकदा तुंबते, पण आता ती उपसायला अर्धा संघ पुरतो.

लग्नाच्या दिवशी मांडवात सगळ्यांना अक्षता वाटून झाल्या होत्या. नवरा-नवरी पाटावर उभे होते. नवऱ्याच्या पाठीशी त्याचा मामा दोन्ही हात बांधून उभा होता, नवरीच्या पाठीमागं कुणी नव्हतं. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि विचारलं, "मामा?" नवरीच्या आईच्या अंगात जांभळा खण होता. ती मांडवाच्या तोंडाकडे पाठ करून उभी होती.

मोटारसायकलचा आवाज आला. मामा गाडी लावेपर्यंत मामी उतरून आत आलीसुद्धा. नवरीकडं न जाता ती थेट नणंदेपुढं जाऊन उभी राहिली आणि तिच्या खांद्यावरचा पदर बाजूला केला.

"बाही तोकडी का?"

"त्याचे बंद काढलते."

"अन् इथं जोड?"

"ते बंदच हायत."

मामीने जोडावरून बोट फिरवलं. मग थोडं वाकली, हुंगलं.

"अक्का, सुकट जायना का?"

"लई धुतलं वैनी. पोरांनी धूर बी दिला."

मामीने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. पण नणंदेचेही खांदे हलत होते आणि दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या. मामा अजून मांडवाच्या तोंडाशी, कुठल्या बाजूने आत यावं याचा अंदाज घेत उभे होते.

"काय बघून राहिले?" मामी त्यांच्यावर खेकसली. "उभं राहा जाऊन पोरीमागं. गुरुजी खोळंबलेत."

मामा गेले आणि उभे राहिले. नवरीने मान वळवून एकदा खात्री करून घेतली आणि गुरुजींनी मंगलाष्टक सुरू केलं.

जेवायला नणंद-भावजय एकमेकींना खेटून बसल्या. दुपारचं ऊन वाढलं होतं, माणसं घामेजली होती आणि खणाला आता धुराआडचा मूळ वास यायला लागला होता. त्या दोघींच्या आजूबाजूची पानं बराच वेळ रिकामी राहिली. त्यांना ते लक्षात आलं नाही. त्या बारशाचं बोलावणं नक्की कधी आलं होतं, याच्यावर बोलत होत्या.