जवळ्यावरून गेलेला ग्रेडर

कोकणातली आठवण म्हटल्यावर तुम्हाला आंब्या-फणसाचा वास हवा असणार. माझ्याकडे ग्रीसचा आहे, चालेल? जुने ट्रॅक्टर जमवायचं खूळ आहे मला. काल भंगारातून रस्ता सपाट करायचा जुनाट ग्रेडर आणला, पात्यावरचं ग्रीस खरवडलं आणि थेट साठ-एकसष्टच्या मुरुडात पोचलो.

तेव्हा आमच्या कोळीवाड्याजवळ रस्त्याचं काम चालू होतं. बाया रस्त्याच्या कडेलाच पावसाळ्याच्या बेगमीचा जवळा, ती इवलीशी कोळंबी, वाळत घालायच्या आणि ग्रेडर ऐकू आला की धावत गोळा करायच्या. मी कुडाआड बसून तोंडानं हुबेहूब ग्रेडर काढायचो, घर्रर्र ढग् ढग्! शेजारची जनाआत्या दोनदा फसली. तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा ती घरातूनच ओरडली, "गप रे माकडा! आता न्हाय फसायची."

पण या खेपेला ग्रेडर खरा होता. मी धावत सुटलो, "आत्या, मी न्हाय, त्यो हाय!" ती हललीच नाही. ज्या पात्याला आज मी मायेनं पुसतो, तसल्याच पात्यानं तिचा आख्खा जवळा तांबड्या मातीत कालवून टाकला.

आत्यानं माझ्यापुढं सूप आदळलं. "येचून काढ आता एकेक, मेल्या! पावसात भाकरीसंगती काय खाऊ, तुझं घर्रर्र?"