पाटलाच्या ओट्यापुढची टोपली

१९५८ साल. मी वीस वर्षांचा. नंदुरबारच्या चौकीत उभा होतो आणि जमादार हसत होता.

"भिल्लाची सायकल चोरीला गेली!" आतल्यांना ऐकू जाईल असं तो ओरडला. "अरे, तू कुठून चोरली होतीस ते सांग आधी."

सगळे हसले. मग म्हणाला, कान धर. मी धरले. चौकीच्या पायरीवर, उन्हात, कान धरून उभा. येणारे-जाणारे बघत होते. पोट भरून हसून झालं तेव्हा म्हणाला, "गावच्या पाटलाची चिठ्ठी आण, सायकल तुझीच आहे म्हणून. मग बघू."

सायकल चोरीला गेली तर चौकीत जावं म्हणतात. मी गेलो होतो.

चोर मला सकाळीच कळला होता. माझा बाप गावचा जागल्या. चोरी झाली की माग काढायचं काम त्याचं. पाटलाचा बैल गेला, कुणाचं धान्य गेलं, की बाप धुळीतलं पाऊल धरून निघायचा. शेवटचं पाऊल सापडलं की त्यावर टोपली पालथी घालायचा, पुसू नये म्हणून. ज्या दारापुढं टोपली, त्या दारानं जबाब द्यायचा. जबाब मिळेस्तोवर टोपली कुणी उचलायची नाही. बापजाद्यांची रीत. पण ती टोपली आजवर फक्त गरिबाच्या दारात बसली होती.

माझ्या सायकलचा माग तर शेंबड्या पोरानंही काढला असता. मागचा टायर फाटका, सायकलवाल्या चाचानं जाड दोऱ्यानं शिवून दिलेला. धुळीत टाक्यांचा ठसा उमटायचा. बाप पुढं, मी मागं. ठसा भिलाटीतून, आमच्या भिल्लांच्या वस्तीतून निघाला, विहिरीवरून वळला आणि थेट पाटलाच्या दारात शिरला.

बाप थांबला. टोपली त्याच्या हातात होती. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. आणि पायानं ठसा पुसला.

"माग तुटी गया," म्हणाला. "घर चाल, पोऱ्या."

जमादाराच्या हसण्यापेक्षा ते पुसणं मला लागलं. आजही लागतं.

बापानं पुसलं म्हणून मी चालत चौकी गाठली. आणि चौकीनं मला पाटलाकडंच धाडलं.

संध्याकाळी त्याच्या ओट्यापुढं उभा राहिलो. त्याचा मोठा मुलगा माझ्याच सायकलवर गल्लीत चकरा मारत होता. लपवलीही नव्हती. लपवायची कुणापासून?

पाटील पान चघळत म्हणाला, "मन्हा वट्टापुढथीन रोज सायकलवर जास. उतरत बी नहीं. कोन समजी ऱ्हायना रे सोताले?"

"सायकल मन्ही शे," मी म्हटलं.

"सालदार ऱ्हाय मन्हाकडे. मंग बस सायकलवर."

त्याचं खरं दुखणं हेच. भिलाटीतला जो तो त्याचा सालदार, वर्षभराचा बांधलेला गडी. मी तेवढा नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर मिरच्या वाळत घालायला जायचो. हातांची आग व्हायची, डोळे चुरचुरायचे, पण संध्याकाळी माझा मी. सायकल होती म्हणून जमत होतं. सायकल नाही तर पथारी नाही. पथारी नाही तर पाटलाचा गोठा.

हात जोडायचे होते. जोडले नाहीत. घरी आलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच खुंटीवरची टोपली काढली. बाप जागाच होता.

"ती मन्ही शे," म्हणाला.

"तुन्ही व्हती," मी म्हटलं.

पाटलाच्या दारात टाक्यांचे ताजे ठसे पडले होते, त्याच्याच पोरानं उमटवलेले. अगदी उंबऱ्यालगतचा ठसा धरला. त्यावर टोपली पालथी घातली आणि शेजारी मांडी घालून बसलो. पाण्याला निघालेल्या बाया थांबल्या. बैल घेऊन निघालेले सालदार थांबले. रीत काय ते कुणाला सांगावं लागलं नाही.

पाटील बाहेर आला. टोपली पाहिली. मला पाहिलं.

"उचल ती."

मी टोपलीवर हात ठेवला. भिलाटीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडलो,

"पहिले जबाब द्या, पाटील!"