पडद्याच्या कोपऱ्यातली भट्टी

कन्नड मुलखातल्या गोकुलममध्ये आमच्या माडीवर भाड्याने राहणारी इराणी विद्यार्थिनी देवापुढची खडीसाखर त्यांच्याकडच्या रीतीने दातांत धरून आईची फिल्टर कॉफी प्यायची. बातम्यांत तिच्या देशातल्या बायका दिसायच्या त्या काळ्या कपड्यांत, रडतानाच. आई हळहळायची, “अय्यो पापा, बिचाऱ्या! कशा जगतात गं!”

एकदा बातम्या चालू असताना ती मुलगी उठली आणि तिने टीव्हीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. आईकडूनच उचललेल्या मराठी-कन्नडमध्ये म्हणाली, “अम्मा, इल्ली नोडी, इकडे बघा. ही पावाची भट्टी, आणि ही पावासाठीची रांग. अशाच रांगेत आम्ही मैत्रिणी पोट दुखेपर्यंत हसायचो. भीती पण होती, हसणं पण होतं. ते कोणी दाखवत नाही.”

शिक्षण संपवून ती परत गेली. तिकडच्या बातम्या लागल्या की आई अजून चष्मा चढवून टीव्हीजवळ जाते आणि रडणाऱ्या बायकांच्या मागे कुणी हसतंय का, ते शोधते.