बाबा डब्यात चढत होते तेव्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट कळत नाही — कदाचित तुम्ही माझ्या वर्गात बसलेले नाही म्हणून.

मी डिझाइन शिकवते. दवाखान्यातल्या खुर्च्या, रुग्णवाहिका, रेल्वेचे डबे — आजारी माणूस त्यांत कसा चढतो, कसा उतरतो, हा माझा विषय. दर वर्षी पहिल्या तासाला मी एक व्हिडिओ दाखवते. दुर्ग स्टेशन, डब्याची पायरी, आणि वर चढायला धडपडणारा एक म्हातारा. याच व्हिडिओवर माझं संशोधन उभं राहिलं, बढतीही त्यातूनच मिळाली. आवाज मी बंद ठेवते. कुणी विचारलंच, तर म्हणते, रेकॉर्डिंग खराब आहे.

खोटं आहे ते. आवाज अगदी स्वच्छ आहे.

तो म्हातारा म्हणजे माझे बाबा. भंडाऱ्याकडची शेती सोडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात आले, तिथेच निवृत्त झाले, जवळच कुरुदला घर बांधलं. मग डावी बाजू लुळी पडली. तरी भाऊबीजेला गोंदियाला आत्याकडे जायचंच, हा त्यांचा हट्ट. आई नको म्हणत होती. मी म्हटलं, मी नेते. केवढी गुणी लेक, नाही? मला व्हिडिओ हवा होता.

आमच्या कामात एक नियम आहे — निरीक्षण करताना मधे पडायचं नाही. माणूस आपला आपण काय करतो, तेवढं टिपायचं. बाबांनी उजव्या हाताने दांडा धरला, पाय उचलला, आणि तो पायरीवरून घसरला. नडगी सोलली. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"हात दे ना, माय."

मी दिला नाही. मोबाईल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिले. नियम पाळत होते का? छे. दृश्य चांगलं मिळत होतं, ते हलायला नको होतं — एवढंच. त्यांनी पुन्हा म्हटलं, तरी मी तशीच. शेवटी मागचा एक प्रवासी ओरडला, "मॅडम, पकड़ो ना उनको," आणि त्यानेच बाबांना वर चढवलं.

आणि मी पोरांना शिकवते, आधी माणूस बघा म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

गोंदियाला पोचेपर्यंत पाय सुजला. परतताना भाड्याची गाडी करावी लागली. पुढच्या भाऊबीजेला आत्याचा फोन आला, तर "मले नाई जमत आता" म्हणाले. आत्या वाट पाहतच वारली. मग बाबाही गेले. भावाबहिणीची ती शेवटची भेट, आणि तिच्यात बाबा पाटावर बसू शकले नाहीत.

त्या दिवशी डब्यात मी त्यांच्या नडगीवरचं रक्त पुसत होते. वाटलं, आता चिडतील. चिडायला हवं होतं — मी वाटच पाहत होते. पण ते माझ्या मोबाईलकडे बघून हळूच म्हणाले, "बरोबर आला का तुया कामाचा? नाई आला असन त येतानी पुना चढून दाखवतो."

मी म्हटलं, "आला, बाबा."