छावणीची बैठक
२००६ साली आमची ग्रीन कार्डं आली आणि अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात, मला नोकरी करता येऊ लागली. घरापासून दहा मिनिटांवर जमिनीची कागदपत्रं तपासणारं एक लहानसं ऑफिस होतं. पुण्यात मी बारा वर्षं तेच काम केलं होतं. मालकाची अट एकच होती: इथल्या कॉलेजचा सर्टिफिकेट कोर्स पुरा करा आणि जूनमध्ये या. शेवटचा विषय राहिला होता, वाटाघाटी. त्यात 'बी' ग्रेड मिळाली नाही तर पुन्हा सप्टेंबरपासून कोर्स, आणि तोवर मालक काही थांबणार नव्हता.

निम्मे मार्क एका लुटुपुटीच्या वाटाघाटीला होते. आमच्या जोडीच्या कागदावर एक ब्रिटिश वसाहत होती, समुद्रातलं बेट. ऐन शहरात सैन्याच्या बराकी. वसाहतीला ती जमीन परत हवी होती. लंडनला बदल्यात नव्या बराकी हव्या होत्या, शिवाय फौजेच्या खर्चातला मोठा वाटा वसाहतीने उचलायला हवा होता. वसाहतीच्या बाजूला मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. मी लंडन.

"म्हणजे तू साहेब!" नवरा हसला. "आपण इतकी वर्षं त्यांच्या फौजेचं बिल भरलं. आता तू वसूल कर."

"अहो, मला फक्त मार्क वसूल करायचेत."

सुरुवात कशी करायची ते मात्र कळेना. खरीखुरी बोलणी मी आयुष्यात एकदाच पाहिली होती, माझ्या लग्नाच्या बैठकीत. नवऱ्याचे काका लोडाला टेकून म्हणाले होते, "आमचं काही मागणं नाही. तुम्ही हौसेनं करा." एवढं ऐकल्यावर कमी करायची माझ्या वडिलांना लाज वाटली आणि यादी लांबत गेली. मला तोच रस्ता ठाऊक होता.

"लंडनचं काही मागणं नाही," वर्गात गृहस्थांसमोर बसल्यावर मी म्हणाले. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं आणि भराभर लिहून घेतलं. "छान. जमीन आमची, खर्चाचा वाटा शून्य. युनियनमध्ये वीस वर्षं बोलणी केली मी. हवं त्याच्या तिप्पट मागायचं, तेही लेखी. इतकं सोपं कधी गेलं नव्हतं. करा सही."

मी वाट पाहत राहिले. आता त्यांनी संकोचून काहीतरी द्यायला हवं होतं. ते पेनाचं टोपण लावत होते. शेजारी सर नोंदी घेत होते, आणि बोललेलं मागे घ्यायचं नाही असा नियम होता. जून डोळ्यांसमोरून निघून चालला.

मग आठवलं, काकांचं बोलणंही तिथे संपलं नव्हतं. ते म्हणाले होते, "वऱ्हाड दीडशेचं येईल, तेवढी उतरायची सोय बघा."

"मागणं नाहीच," मी म्हणाले. "पण उद्या फौज उतरणार कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"तुमच्या रक्षणाला आलेली माणसं. बराकी तुम्ही घेतल्यात. पावसात तंबूत ठेवणार?"

त्यांनी डोकं खाजवलं. "मी दोन वर्षं सैन्यात होतो. छप्पर गळायचं. नाही, चांगली बराक हवीच." त्यांनी टोपण पुन्हा काढलं आणि नव्या बराकी लिहिल्या.

मग पाणी आलं. शहराबाहेर राहायचं तर रस्ता आला. माणसं आपल्या दारात राहणार, तेव्हा त्यांच्या खाण्यापिण्याचं बघायला हवं, हे त्यांना आपणहून सुचलं. फौजेचा निम्मा खर्चही त्यांनी स्वतःच लिहिला.

त्यांनी कागद वाचून पाहिला. "थांबा बाई. तुमचं काही मागणं नव्हतं ना?"

"नाहीच. मी मागितलं का? तुम्हीच दिलंत."

"मग मी जिंकलो की हरलो?"

"मला काय ठाऊक?" मी म्हणाले, आणि मला खरंच ठाऊक नव्हतं. जमीन तर त्यांना मिळाली होती. माझ्या वडिलांनाही जावई मिळाला होताच.

मला 'बी प्लस' मिळाली. सरांनी खाली लिहिलं होतं, "मागणी मांडली नाहीत, तरी सगळं मिळालं. हे ठरवून केलंत का?" त्याखाली उत्तरासाठी दोन ओळी सोडल्या होत्या. त्या तशाच राहिल्या. अर्धं ठरवून केलं होतं, पण कुठलं अर्धं ते मलाही सांगता आलं नसतं.

जूनमध्ये ऑफिसात गेले. मालकाने सर्टिफिकेट पाहिलं आणि विचारलं, "पगाराची काय अपेक्षा?"

"तुम्हाला योग्य वाटेल ते" हे शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात ते पेनाचं टोपण आठवलं. मी गाडीत ठरवलेला आकडा सांगितला, वर थोडा वाढवून.

"ओके," तो म्हणाला आणि पुढचा कागद उचलला. घासाघीस नाही, भुवईसुद्धा वर गेली नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला विचारलं, "लगेच हो म्हणाला, म्हणजे मी कमी सांगितला का हो?"

"मला काय विचारतेस?" तो म्हणाला. "काकांना फोन लाव."